एकशे शहाऐंशी दिवस

लक्ष्मीकांत दप्तरदारांना वीज बोर्डातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी समोर फॉर्म दिसला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जायचा. बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणाचं रेशनकार्ड बदलायचं असो, कुणाचा पासपोर्ट काढायचा असो, कागद आधी त्यांच्या ओट्यावर यायचा. त्याचे पैसे ते घेत नसत. चहा घेत, आणि कौतुक घेत. कौतुक जरा कमी पडलं तर स्वतःच भर घालत.

त्यांचे पणजोबा संस्थानच्या दप्तरात होते. "चार पिढ्या झाल्या, आमच्या घराण्यात खोट्या कागदावर कुणी सही केलेली नाही," हे वाक्य ते दर आठवड्याला एकदा तरी म्हणत. त्यावर त्यांच्या पत्नी लताबाई शांतपणे म्हणत, "खऱ्यावर तरी कुठे केलीत? जन्मभर लोकांच्याच कागदांवर केलीत."

म्हणूनच मुलगा अभिषेक मकरपुऱ्याच्या कारखान्यातली इंजिनीयरची नोकरी सोडून मस्कतला निघाला, तेव्हा लक्ष्मीकांतरावांनी पहिलं काम केलं ते मुखत्यारपत्र करून घेण्याचं. मुलगा परदेशात, तर इथल्या इन्कमटॅक्सच्या कागदांवर त्याच्या वतीने सही कोण करणार? वडील. स्टॅम्पपेपर त्यांनी स्वतः आणला, मजकूर स्वतः लिहिला, नोटरीच्या दोन चुका काढल्या. लताबाई मुलासाठी मेतकूट भाजत होत्या आणि हे मुखत्यारपत्राच्या झेरॉक्स काढत होते.

त्यानंतर आठ महिने त्यांनी सगळ्या आळीला एकच गोष्ट ऐकवली. "परदेशातल्या पगारावर इथे एक पै टॅक्स लागत नाही. कायदाच आहे!" मांडवीत भाजी घ्यायला गेले तरी भेंडीवाल्याला हे समजावून येत. भेंडीवाला म्हणायचा, "बराबर, काका," आणि पाव किलो जास्त तोलायचा.

आता अठ्ठ्याण्णवचा जून उजाडला होता आणि महिनाअखेरपर्यंत अभिषेकचं रिटर्न भरायचं होतं. शेजारच्या श्रीपतरावांची मुलगी अवंती सयाजीगंजात एका सीएच्या ऑफिसात काम करायची आणि स्वतः परीक्षा देत होती. फॉर्मवर एकदा नजर टाकायला लक्ष्मीकांतरावांनी तिला बोलावलं. म्हणजे मदत नको होती. आपण किती नीट भरलाय हे बघायला कुणीतरी जाणकार हवं होतं.

अवंतीने फॉर्म पाहिला, अभिषेकने पाठवलेली पासपोर्टची झेरॉक्स पाहिली. मग भिंतीवरून गेल्या वर्षीचं कॅलेंडर मागितलं. ते लताबाईंनी फेकलं नव्हतं, कारण मागच्या बाजूला दुधाचा हिशोब होता. पेन्सिलीचं टोक एकेका महिन्यावर ठेवत ती मोजत गेली.

"काका, एप्रिलपासून तीन ऑक्टोबरपर्यंत अभिषेक इथेच होता ना?"

"हो. तीनला पहाटे मुंबईहून विमान. पासपोर्टवर शिक्का आहे की."

"एकशे शहाऐंशी दिवस होतात."

"बघ! अर्ध्या वर्षाहून जास्त झाले. तेवढे दिवस तो इथला, पुढे मस्कतचा. मी नीटच लिहिलंय."

"तेच तर झालं, काका." अवंतीने पेन्सिल खाली ठेवली. "एकशे ब्याऐंशी दिवस किंवा त्याहून जास्त भारतात राहिलेला माणूस त्या वर्षापुरता इथलाच धरतात. मग त्याची जगभरची कमाई इथे दाखवायची. अठ्ठावीस सप्टेंबरपर्यंत निघाला असता तर मस्कतच्या पगाराशी इथल्या टॅक्सचा संबंध नव्हता. पाच दिवस जास्त झाले."

"मग किती भरावा लागेल?"

अवंतीने आकडेमोड केली. सहा महिन्यांच्या मस्कतच्या पगारावर बेचाळीस हजारांहून थोडे जास्त निघाले. लक्ष्मीकांतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा एका फॉर्मकडे बघायचं टाळलं.

"पाच दिवसांचे?" लताबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "मी म्हणत होते ना, चोवीसला जाऊ दे."

हे खरं होतं, आणि त्यामुळेच लक्ष्मीकांतरावांना ते ऐकवेना.

झालं होतं असं. मस्कतच्या कंपनीने आधी चोवीस सप्टेंबरचं तिकीट दिलं होतं. चोवीस सप्टेंबर म्हणजे ऐन पितृपक्ष. परदेशी जायला पितृपक्षात बाहेर पडायचं कसं? पण लताबाई व्यवहारी बाई. त्यांनी जुना उपाय काढला, प्रस्थान ठेवायचा. चांगला दिवस बघून प्रवासाचं सामान शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरायचं, माणूस मग सवडीने निघेना का. पितृपक्षाच्या आधी, चौदा सप्टेंबरच्या रविवारी, तांदूळ, हळकुंड, सुपारी एका फडक्यात बांधून त्यांनी ती पुरचुंडी अभिषेकच्या नव्या बॅगेत ठेवली आणि बॅग श्रीपतरावांच्या घरी गेली.

एकदा प्रस्थान ठेवलं की सामान घरात परत आणायचं नसतं. गंमत अशी की अभिषेकने लागणारी प्रत्येक वस्तू त्याच बॅगेत भरली होती. त्यामुळे सकाळी दाढी करायला तो श्रीपतरावांकडे. शर्ट बदलायला श्रीपतरावांकडे. श्रीपतरावांची आरामखुर्ची बॅगेने अडवलेली, म्हणून ते बिचारे पायरीवर बसून पेपर वाचायचे. आतून अभिषेक ओरडायचा, "काका, तुमचा आरसा जरा खाली लावा ना," आणि श्रीपतराव आरसा खाली लावायचे.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. पण वीस तारखेला लक्ष्मीकांतराव म्हणाले, "आजोबांचं श्राद्ध अठ्ठावीसला आहे. नातवाने ते करूनच जावं. कंपनीचा दुसरा गट तीन ऑक्टोबरला निघतोय, त्यात जा. घाई काय आहे?" लताबाई म्हणाल्या, प्रस्थान ठेवलंय ते कशासाठी मग? अभिषेक एसटीडी बूथवर गेला. त्याने कंपनीला फॅक्स केला. बॅग आणखी नऊ दिवस श्रीपतरावांच्या खुर्चीत बसून राहिली.

ही सगळी कथा आता जूनच्या उकाड्यात लक्ष्मीकांतरावांच्या डोक्यात फिरू लागली. मुलाचे बेचाळीस हजार आपल्यामुळे जाणार, आणि ते त्याला आपल्यालाच सांगावं लागणार. अभिषेक दर शुक्रवारी फोन करायचा, तिकडे शुक्रवारी सुट्टी असते म्हणून. पुढचा शुक्रवार तीन दिवसांवर होता. त्यांना जेवण गेलं नाही. दुपारी कूस बदलता बदलता मात्र ते एकदम उठून बसले.

"अगं, तो गेला कधी?"

"तीन ऑक्टोबरला. आता सकाळीच मोजलं ना?"

"शास्त्राप्रमाणे?"

लताबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. सदतीस वर्षांच्या संसारात हा चेहरा त्यांनी दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा पुढे त्रास झाला होता.

"शास्त्राप्रमाणे तो चौदा सप्टेंबरलाच निघाला," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "घर सोडलं. दाढीसुद्धा घरात केली नाही! चौदा सप्टेंबर म्हणजे एकशे सदुसष्ट दिवस. बसतंय की नाही?"

"पासपोर्टवर शिक्का तीनचा आहे ने?" लताबाईंच्या तोंडी बडोद्याचं 'ने' आलं की समजावं, त्यांचा धीर संपत आला आहे.

"ते विमानाचं झालं. मी प्रवासाचं बोलतोय. खोटं काहीच लिहायचं नाही, फक्त साहेबांना परंपरा समजावून सांगायची."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते इन्कमटॅक्स ऑफिसला निघाले. हातात कापडी पिशवी, पिशवीत फॉर्म, पासपोर्टची झेरॉक्स, मुखत्यारपत्र आणि गेल्या वर्षीचं पंचांग. सोबत साक्षीदार म्हणून श्रीपतराव. श्रीपतरावांनी ही गोष्ट फारच मनावर घेतली होती. एवढ्या उकाड्यात काळा कोट आणि टोपी चढवून ते आले होते, आणि 'सदर बॅग माझ्या घरी, माझ्या खुर्चीत होती' असं एका कागदावर लिहून खाली सहीही ठोकून आणली होती. त्यातले 'माझ्या खुर्चीत' हे शब्द त्यांनी अधोरेखित केले होते.

अवंती दारात उभी होती. "बाबा, तुम्हीसुद्धा?" एवढंच ती म्हणाली.

अधिकाऱ्याचं नाव ध्रुव. साठीला टेकलेले, चष्मा कपाळावर, टेबलावर फायलींचे गठ्ठे. बडोद्यातच जन्म गेल्याने मराठी त्यांना सगळं समजायचं, उत्तर मात्र ते गुजरातीतून द्यायचे. लक्ष्मीकांतरावांनी उभ्यानेच सुरुवात केली. पितृपक्ष, मुहूर्त, पुरचुंडी, संस्थानचं दप्तर, चार पिढ्यांच्या सह्या, काही म्हणता काही सोडलं नाही. मागे बसलेले दोन कारकून काम थांबवून ऐकू लागले. एकाने पंखा वाढवला.

ध्रुवसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा डोळ्यांवर घेतला आणि विचारलं, "काका, बेग गई के छोकरो गयो?"

कारकून हसले. लक्ष्मीकांतराव हसले नाहीत.

"साहेब, आमच्याकडे बॅग गेली म्हणजे माणूस गेला असंच धरतात."

"दाढीसुद्धा माझ्याकडे करायचा, साहेब," श्रीपतरावांनी कागद पुढे केला. "एकोणीस दिवस! मी पायरीवर बसायचो."

"केटला दिवस?"

"एकोणीस."

ध्रुवसाहेबांनी हात पुढे केला आणि पंचांग मागून घेतलं. आता मात्र ते रंगात आले. "मारा बापुजी मुहूर्त काढता," ते म्हणाले. वडील मुहूर्त काढून द्यायचे, त्यामुळे प्रस्थान म्हणजे काय हे साहेबांना नव्याने सांगायला नको होतं. त्यांनी पंचांग उघडलंसुद्धा नाही, तळहाताखाली ठेवलं आणि बोटांवर मोजून सांगितलं, "जुओ. प्रस्थाननी पण मर्यादा होय. राजा होय तो दस रात. सामंत होय तो सात. ने आपणा जेवा माणसो माटे पांच. तमे केटली राखी?"

लक्ष्मीकांतरावांना खुर्ची दिसली आणि ते तिच्यात बसले. पाच रात्रींचा नियम त्यांना ठाऊक नव्हता. दहाचाही नव्हता. चार पिढ्यांच्या दप्तरदाराला एका इन्कमटॅक्स अधिकाऱ्याने शास्त्रात पकडलं होतं.

"एकोणीस तो महाराजने पण ना मळे," ध्रुवसाहेब म्हणाले. कायद्याची मुदत पाच दिवसांनी चुकली होती आणि शास्त्राची चौदा दिवसांनी. त्यातल्या त्यात कायदाच दयाळू निघाला.

श्रीपतरावांनी आपला कागद हळूच घडी करून कोटात ठेवला.

ध्रुवसाहेबांनी पंचांग परत दिलं आणि सहज विचारलं की चोवीसचं तिकीट होतं, तर मुलगा गेला का नाही? लक्ष्मीकांतरावांनी श्राद्धाचं सांगितलं. श्राद्ध अठ्ठावीसला, बरोबर? मग अठ्ठावीसलाच दुपारी गाडीत बसला असता तर? मधल्या दिवसांत मस्कतला विमानं नव्हती का?

"होती," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "कंपनी म्हणाली होती, अठ्ठावीसच्या रात्रीचंही तिकीट देऊ."

"तो पछी?"

हातातल्या पिशवीचा बंद लक्ष्मीकांतराव बोटाला गुंडाळत राहिले. सगळं ऐकणारे कारकून समोर होते, शेजारी होता, आणि तरीही ते बोलून गेले. "मला वाटलं, अजून थोडे दिवस राहील घरात. एकुलता एक आहे, साहेब. एकदा गेला की गेला. श्राद्धाचं मी उगाच पुढे केलं."

हे त्यांनी लताबाईंजवळही कबूल केलं नव्हतं. स्वतःजवळ तर नाहीच.

ध्रुवसाहेबांनी फॉर्म उलटा करून मागच्या बाजूचे रकाने पाहिले, पुन्हा सुलटा केला. "काका, एना माटे फॉर्ममां खानुं नथी," ते म्हणाले, आणि चहा मागवला.

शुक्रवारी साडेदहाला फोन वाजला. एरवी फोनकडे धावणारे लक्ष्मीकांतराव आज पंचा वाळत घालत होते. लताबाईंनी मुलाशी जेवणाखाण्याचं बोलून घेतलं आणि रिसीव्हर त्यांच्या हातात कोंबला. "सांगा."

त्यांनी सांगितलं. आधी कलम सांगितलं, मग दिवस, मग आकडा. सगळ्यात शेवटी म्हणाले, "चूक माझी आहे. पैसे मी भरतो. माझ्या फंडाची ठेव ह्या महिन्यात सुटतेय."

मधे लाइनची खरखर आली. तीसुद्धा परदेशी दराने.

"बाबा, मला माहीत होतं," अभिषेक म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"अठ्ठावीसचं. कंपनीने पाठवलेल्या कागदात लिहिलं होतं, टॅक्स वाचवायचा तर अठ्ठावीसपर्यंत निघा. म्हणूनच ते अठ्ठावीसच्या रात्रीचं तिकीट देत होते."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"काय बोलणार? तुम्ही श्राद्धाचं काढलंत. आजोबांना मी पाहिलंसुद्धा नाही, बाबा. मला कळलं की तुम्हाला काय हवंय." अभिषेक हसला. "आणि मलाही जायचं नव्हतं इतक्या लवकर. आईने बॅग बाहेर काढली होती, तुम्ही मला आत ठेवलंत. मला बरं वाटलं."

लक्ष्मीकांतराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग एकदम ओरडले, "तरी टॅक्स मीच भरणार!"

"माझा पगार, माझा टॅक्स."

"मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे!"

"त्याने सही करता येते, बाबा. पैसे भरायचा हक्क मिळत नाही."

हे अर्थातच खरं होतं, आणि मजकूर त्यांनी स्वतःच लिहिला होता. बापलेक पैसे कोणी भरायचे यावर मस्कतच्या दराने आणखी चार मिनिटं भांडले. शेवटी लताबाईंनी रिसीव्हर हिसकावला आणि निकाल दिला, "निम्मे निम्मे भरा. आणि आता ठेव, बिल येईल."

एकोणतीस तारखेला लक्ष्मीकांतरावांनी बँकेत चलन भरलं. रिटर्नमध्ये 'भारतातील रहिवासी' असं लिहिलं, सोबत स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात दिवसांचा तक्ता जोडला. एप्रिल तीस, मे एकतीस, असं करत खाली बेरीज एकशे शहाऐंशी. खाली सही केली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, हा तक्ता लागत नाही. "राहू दे," ते म्हणाले. घरी आल्यावर लताबाईंनी विचारलं, एकेक दिवस किती रुपयांना पडला? त्यांनी सांगितलं, साडेआठ हजारांना.

"त्यातल्या एका दिवशी तर तो अकरापर्यंत झोपला होता," लताबाई म्हणाल्या.

"मी बघितलं होतं," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "चादर मीच टाकली."

आळीला त्यांनी काय सांगितलं हे विचारू नये. भेंडीवाल्याला मात्र प्रामाणिकपणे सुधारणा कळवली. "पै लागत नाही, पण दिवस मोजावे लागतात." भेंडीवाला म्हणाला, "बराबर, काका."

पुढच्या वर्षी जून आला. अभिषेकच्या इथल्या बँकेतल्या ठेवीवर टॅक्स कापला गेला होता, तो परत मागायला रिटर्न भरायचं होतं. आता लक्ष्मीकांतराव कुणाला विचारणार नव्हते. मागे दुधाचा हिशोब असलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर त्यांनी खाली काढलं आणि ओट्यावर पाट घेऊन बसले. श्रीपतराव आपल्या आरामखुर्चीत बसून पलीकडून बघत होते. खुर्ची मोकळी मिळाल्यापासून ते तिच्यातून फारसे उठत नसत.

तक्त्याला वेळ लागला नाही. एप्रिल शून्य. मे शून्य. जून, जुलै, ऑगस्ट, सगळे शून्य. अभिषेक दिवाळीत रजेवर आला होता तेवढे दिवस, आणि पुढे पुन्हा मार्चपर्यंत शून्य. बेरीज करून त्यांनी खाली रेघ मारली, चष्मा पुसला आणि पुन्हा बेरीज केली.

लताबाई चहा घेऊन आल्या. "काय निघालं? ह्या वर्षी भरावा लागतोय का काही?"

"नाही. मस्कतच्या पगारावर एक पैसुद्धा नाही. उलट कापलेले परत मिळतील. सगळं कसं कायद्यात बसलंय."

"मग तोंड का असं? दिवस किती झाले?"

लक्ष्मीकांतरावांनी तक्ता त्यांच्यापुढे सरकवला.

"सतरा," ते म्हणाले, आणि सही करायला पेन शोधू लागले. पेन खिशातच होतं.